मी आलो, बसलो, चाललो

१० जून

म्हैस विकली, डायरी राहिली. पेंडीचा दुकानदार दर वर्षी एक देतो. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, एवढंच मी तीत लिहीत आलो. आता गुडघ्यापायी म्हैस गेली आणि पानं कोरी उरली. टाकून द्यायला जिवावर येतं म्हणून लिहितो. चौथी पास आहे. पुढं बापानं राधानगरीच्या भातात उभं केलं ते लग्नापर्यंत. लिहिताना शाळेतलं लिहितो, बोलताना आमचं बोलतो. कुणी वाचायला मागू नये.

आज काही झालं नाही. म्हशीची जागा धुतली. उद्या मोना येणार, पोरीला घेऊन.

११ जून

मोना माझी लेक. पुण्यात कंपनीत आहे. कंपनी तिला वर्षासाठी जर्मनीला पाठवते आहे. जावयाबद्दल लिहिण्यासारखं नाही. तो वेगळा राहतो आणि तिकडं त्याचं बरं चाललंय. म्हणून नात माझ्याकडं ठेवायची. तेजस्वी नाव, वय अकरा. कपड्यांची पिशवी एक, पुस्तकांच्या दोन.

मोना म्हणाली, "आई, दिवाळीपर्यंत बघू. नाही रमली तर पाचगणीच्या शाळेत घालते. तिथं होस्टेल आहे, सीट धरून ठेवलीय."

मी म्हटलं, "म्हैस पण दिवाळीपतूर बघू म्हणूनच आणलीती. बारा वर्सं ऱ्हायली."

"ती म्हैस नाहीये, आई."

ते मलाही दिसत होतं. म्हशीनं आल्या दिवशी वैरण खाल्ली होती. ही काही खाईना.

१६ जून

शाळा सुरू झाली. पोरगी घरी आली ती दप्तर टाकून कोपऱ्यात बसली.

"आज्जी, इथल्या मुली मुलांसारखं का बोलतात?"

"कसं?"

"मी आलो, मी गेलो, मी बसतो. सगळ्याजणी. बाईसुद्धा."

"मग काय म्हणायचं?"

"मी आले. मी गेले."

"गेले म्हटलं की आमच्यात तिरडी बांधाय घेत्यात."

हसली नाही. मीही हसवायला बोललो नव्हतो. मग कळलं, बाईंनी हजेरी घेताना ही उशिरा दारात उभी राहून "मी आले" म्हणाली, आणि मागच्या बाकावरनं वर्षाराणी नावाच्या पोरीनं "आले, लसूण, कोथमीर" असं म्हटलं. सगळा वर्ग हसला. आता सगळ्या पोरी हिला कोथमीर म्हणतात.

म्हटलं, कोथिंबीर वाईट नाही, भाव चांगला असतो तिला. जेवली नाही.

२४ जून

ही पोरगी दुसरं काहीच करत नाही. शाळा सुटली की पुस्तक. एकाच जातीची अकरा पुस्तकं आहेत. अकरावं संपलं की पुन्हा पहिलं. रहाटाला जुंपल्यासारखी फिरते. मोना फोनवर विचारते, रमली का? मी म्हणतो, बसलीय. खोटं नाही.

पुस्तकात एवढं काय पुरलंय बघावं म्हणून ती शाळेत गेल्यावर पहिलं उघडलं. अक्षर मोठं आहे. बोट ठेवून दोन पानं वाचली आणि भाजी उतू गेली.

३ जुलै

पहिलं पुस्तक संपलं. काय आहे ते लिहून ठेवतो, विसरायला होतं.

सगळ्या पुस्तकांचं मिळून नाव 'दारामागचा पाहुणा'. नदीकाठचं एक गाव. तिथं धवल आणि अवंतिका ही भावंडं पुण्याहून सुट्टीला मामाकडं येतात. त्यांचा एक कुत्रा. गावात एक चोर आहे. दर पुस्तकात कुणाच्या तरी घरातली एकच वस्तू नेतो, आणि जाताना दाराआडून कुजबुजतो, "मी आलो, बसलो, आणि चाललो." तोंड कुणी बघितलेलं नाही. गाव त्याला पाहुणा म्हणतं. आमच्याकडं पावणं म्हणतील. पोरं सगळ्यांवर संशय घेतात. पोस्टमनवर, घड्याळवाल्यावर, शाळेच्या शिपायावर. शेजारची विमलामावशी त्यांना बेसनाचे लाडू देते. शेवटी चोरलेला कंदील सापडतो, चोर सापडत नाही.

मला फार राग आला. पोरगी घरात आल्या आल्या विचारलं, "कोण हाय त्यो?"

"कोण?"

"पावणं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तू वाचलंस?"

"व्हय. धा दिवस घातलं आणि चोर मोकाट. कोण हाय सांग."

"कुणालाच माहीत नाही. अकरा भाग झाले, अजून कळलेलं नाही."

"मग लिवणारा करतोय काय?"

"तो सांगत नाही."

"पोलिसात द्या त्याला."

पोरगी हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. दीड भाकरी खाल्ली.

१० जुलै

एक युक्ती केली. तिला म्हटलं, माझे डोळे दुखतात, पुढचं तू वाचून दाखव. मी भाकरी थापताना ती जवळ बसून वाचणार. एक भाकरी खाल्ली तर मी एक धडा ऐकणार, नाहीतर नाही. पोरगी लगेच कबूल झाली. लहान पोरांना अडकवणं सोपं असतं.

१९ जुलै

चार भाकऱ्या करपल्या. चूल नीट नाही. (गॅस आहे, पण तोच तो.)

शेजारची धोंडुबाई रोज त्याच वेळेला ताक मागायला येते. म्हैस विकल्याला दीड महिना झाला, हे तिला माहीत आहे. दावं सोडायला तीच होती.

"मी आलो गं बायडाक्का, जरा ताक..." म्हणते आणि भिंतीला टेकून बसते. आज कुत्रा हरवला त्या धड्याला पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "नवरा गेला तवा एवढी रडली न्हाईस."

"त्यो काय पुन्यांदा येणार हुता?" म्हणाली. "ह्यो कुत्रा येतोय बघ."

आला. पुढच्याच धड्यात.

२२ जुलै

धडे नको तिथं संपतात. आज अवंतिका अंधाऱ्या माळ्यावर चढली, मागून खांद्यावर हात पडला, आणि पोरीनं पुस्तक मिटलं.

"अगं पण हात कुणाचा?"

"उद्या."

ती अंघोळीला गेल्यावर उघडून बघितलं. धडा तिथं संपतच नव्हता. पुढं चार पानं होती. पोरीचा घसा दुखत असणार. रात्री हळदीचं दूध दिलं, विकतचं, पाणचट. चार पानं मी वाचली नाहीत. वाचली असती तर उद्या ऐकताना तोंडावर दिसलं असतं.

२९ जुलै

नागपंचमी. ज्वारीच्या लाह्या फोडताना तिला विचारलं, "तेच तेच वाचून कंटाळा येत न्हाई?"

"तेच नसतं आज्जी. चोरी वेगळी असते."

"माणसं तीच की."

"म्हणून तर." मग लाह्या निवडत बसली आणि एकदम बोलायला लागली. "दुसऱ्या पुस्तकात ना, शेवटचं पान आलं की सगळे संपतात. मग आपण काय करायचं? यात पुढच्या भागात सगळे परत येतात. तेच घर. विमलामावशी तशीच दारात. कुत्रा पण."

"कुत्रा अकरा पुस्तकांत म्हातारा कसा झाला न्हाई?"

"तो होत नाही."

म्हटलं, अशी जात मिळाली असती तर मी म्हैस विकली नसती.

पोरगी म्हणाली, "पाहुणा सापडला तर मालिका संपेल. मला तो सापडायला पाहिजे पण आहे आणि नको पण आहे."

लाह्या घे म्हटलं.

८ ऑगस्ट

आज भांडण झालं. आठव्या पुस्तकातल्या चोरीवरनं मी म्हटलं, "विमलाच हाय ती. पावणं म्हंजे विमला."

"विमलामावशी? ती प्रेमळ आहे!"

"प्रेमळ माणूस चौथ्या पुस्तकाला दमतं. ही आठ पुस्तकं फुकट लाडू देतीया. बेसन कुठनं आणती?"

"पण आज्जी, पाहुणा पुरुष आहे. मी आलो म्हणतो ना. धवलनं पहिल्याच भागात ओळखलंय ते."

"धवल कुठला?"

"पुण्याचा."

"गाव कुठलं? पांढरा रस्सा, नदी, तालीम. आमच्या बाजूचं. हितल्या बायका काय म्हणत्यात? मी रोज काय म्हणतो?"

पोरीनं पुस्तक खाली ठेवलं. "तू म्हणतेस, मी आलो."

"मग मी बाप्या हाय व्हय?"

धोंडुबाई भिंतीपासनं उठून बसली. पोरीनं अकराही पुस्तकं जमिनीवर मांडली आणि प्रत्येकातलं ते एकच वाक्य बोटानं शोधत गेली. मग म्हणाली, "आज्जी, म्हणजे गावातली कुणीही बाई असू शकते. अकरा भाग सगळे चुकीच्या माणसांवर संशय घेतायत."

"लसूण सोल," मी म्हटलं.

लसूण सोलताना ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, "मी आलो, मी बसलो." चव बघितल्यासारखी.

१९ ऑगस्ट

घरात पाच पोरी. पोरीनं वर्गात सांगितलं की पाहुणा बाई असू शकतो आणि ते आमच्या आज्जीनं ओळखलंय. निम्म्या वर्गानं ती पुस्तकं वाचलेली निघाली, निम्म्यानं आता घेतलीत. कोथमीर म्हणणारी वर्षाराणीच सगळ्यांत पुढं. ती म्हणते विमला नव्हे, पोस्टमनची बायको. माझ्याशी वाद घालत होती, नाक पुसायची शुद्ध नाही.

"पोस्टमनच्या बायकूला घरात काम न्हाई व्हय?" मी विचारलं.

"विमलाला तरी कुठं हाय?"

हे मला सुचलं नव्हतं.

पोरींनी एवढे पोहे खाल्ले की डबा रिकामा. गोंगाटानं डोकं उठलं. जाताना म्हटलं, उद्या येताना एकेकीनं मूठमूठ पोहे आणा. म्हणजे उद्या येणार, हे मीच सांगून बसलो.

१४ सप्टेंबर

बारावा भाग दिवाळीत येणार. शाहूपुरीतल्या पुस्तकाच्या दुकानदारानं सांगितलं. पोरगी दुकानात उड्या मारत होती.

घरी येताना रिक्षात म्हणाली, "आज्जी, बारावा भाग येईल तेव्हा मी कुठे असेन?"

म्हटलं, "असशील तिथं मिळंल. पाचगणीत काय पुस्तकं मिळत न्हाईत?"

"तिथं गोष्टीची पुस्तकं ठेवू देत नाहीत. नियमात लिहिलंय."

"मग अभ्यास चांगला हुईल."

घरी आल्यावर वाचायला बसली नाही. अर्धी भाकरी टाकून उठली. पोट बिघडलं असणार, रिक्षात बाहेरचं काही खाल्लं नव्हतं तरी. ओवा दिला. धोंडुबाई ताकाविना बसून गेली आणि जाताना मला म्हणाली, "बायडाक्का, तुला कधी कळायचं?" काय कळायचं ते सांगितलं नाही. तिला अर्धं बोलायची सवय लागलीय ह्या पुस्तकांनी.

१७ ऑक्टोबर

मोना आली. वाळलीय. पोरगी धावत गेली, मग हाताभर अंतरावर थांबली. काय करायचं ते दोघींनाही कळेना, म्हणून मी बॅग उचलली. गुडघा धरला.

२२ ऑक्टोबर

पाडवा. बारावा भाग आणला. मोनासमोर वाचन झालं. मोनाला सगळं सांगितलं तर म्हणाली, "आई, लेखक पुण्याचा आहे. कोल्हापूरच्या बायका कशा बोलतात हे त्याला माहीतच नसेल."

"मग चुकून बरोबर लिवलं असंल," मी म्हटलं.

पोरगी म्हणाली, "पुढे कळेल ना." आणि माझ्याकडं बघून हसली. मोना आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. दमलेली होती.

२४ ऑक्टोबर

मोनानं पाचगणीचं काढलं. दिवाळीनंतर प्रवेश, आता लगेच ठरवायला पाहिजे. मी म्हटलं तुझी पोर, तू ठरव.

"तू काहीच म्हणणार नाहीस?"

"काय म्हणू? बाईला कामावर जायला लागतंय. पोरगी कुठंतरी ठेवायलाच पायजे."

"कुठंतरी ठेवायला? टाकून गेल्यासारखं बोलू नकोस आई! मी काय तिकडं मजा मारायला गेलतो काय? एकटा राहतो, एकटा जेवतो..."

आणि थांबली. दारात पोरगी उभी होती. म्हणाली, "आई, तू पण?"

मोनाचा चेहरा उतरला. आत निघून गेली.

पोरगी माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आज्जी, पाहुणा कुणाची आई पण असू शकते ना? येते, बसते, आणि चालते."

मी म्हटलं, "तुझी आई चोर न्हाई. कामाला जाती."

"मला माहितेय," म्हणाली.

मग कशाला विचारलं?

२६ ऑक्टोबर

गेल्या दोघी पाचगणीला, कपड्यांची पिशवी घेऊन. तिथं बाईंना भेटायचं, पसंत पडलं तर तिथंच ठेवून मोना मुंबईला जाऊन विमान धरणार. पुस्तकांच्या दोन पिशव्या इथंच. बारावा भाग निम्मा झाला होता. विमला गाव सोडून चाललीय असं कळलंय. मी आधीच म्हटलं होतं. पोरीनं पानाचा कोपरा दुमडून पुस्तक माझ्या हातात दिलं.

"पुढचं वाचायचं नाही."

"मला काय पडलंय?"

"शपथ?"

"म्हशीची," मी म्हटलं.

वाटेतनं माघारी वळून बघितलं का, हे मी बघितलं नाही. दूध उतू जाईल म्हणून आत आलो. दूध तापवत ठेवलेलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर

घर झाडलं. पोह्यांचा डबा भरला. वर्षाराणी दोनदा येऊन गेली. "आज्जी, आली का?" म्हटलं, "येणार न्हाई, शाळेत घातली." ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "पुस्तक द्या, मी वाचून दाखवतो." मी म्हटलं, "कोपरा दुमडलाय." तिला ते पटलं. शहाणी आहे, नाक सोडून.

धोंडुबाई ताकाला आली. बसून बसून उठली. तिला म्हटलं, "ताक न्हाई."

"माहीत हाय," म्हणाली.

३० ऑक्टोबर

मोनाचा फोन लागत नाही. पुस्तक फडताळात ठेवलं. समोर असलं की हात जातो. मग फडताळाशी काम निघतं. शेवटी तांदळाच्या डब्यात घातलं. दोन वेळा तांदूळ काढले, एकटीला किती लागतात?

१ नोव्हेंबर

दुपारी दारावर थाप. "मी आलो."

सिलिंडरवाला असं वाटलं. आतूनच ओरडलो, "आज नगं. एकट्या बाईला पुरतंय. जावा."

पुन्हा थाप. "मी आलो की!"

"आलास ते कळलं की! नगं म्हटलं न्हवं?"

मग फटीला तोंड लावून कुजबुजल्यासारखं, "मी आलो... बसलो..." आणि पुढं काहीच नाही.

दार उघडलं. हातात कपड्यांची पिशवी घेऊन पोरगी उभी. मागं गल्लीच्या तोंडाला मोना रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरनं भांडत होती.

मी म्हटलं, "चाललो कुठं गेलं?"

"ते न्हाई म्हणत," म्हणाली. "जेवायला काय हाय?"

"चपला भाईर काढ," मी म्हटलं.

पोहे टाकले. ती वर्षाराणीला बोलवायला पळाल्यावर मोनानं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीपायी तिथल्या मोठ्या बाई कालच भेटल्या, तोवर दोघी तिथंच लॉजवर. बाईंनी पोरीला विचारलं, तू तुझ्या इच्छेनं आलीस ना? ही म्हणाली, "मी आलो न्हाई, मला आणलंय." पुढं विचारतील त्याला हेच. मी खातो, मी झोपतो, मी न्हाई ऱ्हाणार. त्या बाई मोनाला म्हणाल्या, हुशार आहे, पण भाषा इथं सुधारून घेऊ, मुलगी असून मुलासारखं बोलते.

"आई, कालपर्यंत तीच पोरगी माझ्याशी नीट पुण्यासारखं बोलत होती. मला सगळं कळत होतं. पण त्या बाई सुधारून घेऊ म्हणाल्या आणि मी उठून उभा राहिलो. म्हणालो, आमच्यात असंच बोलतात, काय सुधारायचंय त्यात? आणि आलो निघून."

मोनाला वाटतं पोरीनं ते मुद्दाम केलं. मला नाही वाटत. एवढी कुठली हुशारी? चहात साखर किती घालायची ते अजून कळत नाही तिला.

मोना परवा जाणार. मे महिन्यात येईन म्हणते. तोवर राहू दे इथं म्हणाली. मी म्हटलं, "मेपतूर बघू." मोना का रडली कुणास ठाऊक.

संध्याकाळी तांदळाच्या डब्यातनं पुस्तक काढलं. झटकलं. धोंडुबाई आली, वर्षाराणी आली, मोनाही भाकरीच्या परातीपाशी बसली. पोरीनं दुमडलेला कोपरा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी पीठ मळत होतो. तिनं वाचायला घेतलं. विमलाच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, आणि आत कुणीतरी खोकतंय. धवल दाराला कान लावतो. आतून आवाज येतो, "मी..."

पोरीनं पुस्तक मिटलं.

अजून पानं होती त्या धड्याची. मला इथनं दिसत होती.

"उद्या," ती म्हणाली.

म्हटलं, "बरं."